पाठवलेला खोका, झालेला बिघाड: ‘व्हिच’ आणि ‘हू’ची वाक्यं कुठे अडतात

वाचकाचं पत्र, थोडक्यात: पत्रलेखक पुण्याजवळच्या एका कारखान्यात गुणवत्ता विभागात काम करतात. दहावीपर्यंत मराठी माध्यम, नंतर डिप्लोमा, मग नऊ वर्षांची नोकरी. हातचं काम चोख आहे, पण परदेशी ग्राहकांना इंग्रजीतून मेल किंवा अहवाल पाठवायचा म्हटलं की त्यांचा जीव टांगणीला लागतो. साधी, छोटी वाक्यं जमतात. ‘हू’, ‘व्हिच’, ‘दॅट’ आलं की वाक्य हातातून निसटतं. इंग्रजी माध्यमातला एक तरुण सहकारी त्यांचे मेल दुरुस्त करून देतो, पण चूक का झाली हे त्यालाही सांगता येत नाही. साहेब म्हणतात, ‘इंग्रजीत विचार करायला शिका.’ पुढच्या बढतीत अहवाल लिहिण्याचं काम वाढणार आहे. त्यांनी आपली तीन वाक्यं नमुन्यादाखल पाठवली आहेत आणि विचारलं आहे: अठरा हजार रुपये भरून क्लास लावू, संगणकातल्या व्याकरण तपासणीवर विसंबू, की ही ‘व्हिच’ची वाक्यंच कायमची टाळू? शेवटी त्यांनी लिहिलं आहे, ‘मराठी माध्यमाचा शिक्का आता या वयात पुसला जाईल का?’

सप्रेम नमस्कार.

तुम्ही स्वतःची चुकलेली वाक्यं जशीच्या तशी पाठवलीत, हे फार उपयोगाचं झालं. ‘माझं इंग्रजी कच्चं आहे’ या तक्रारीला उत्तर देता येत नाही. चुकलेल्या वाक्याला देता येतं. तुमची तिन्ही वाक्यं तीन वेगळ्या ठिकाणी अडली आहेत आणि तिन्ही ठिकाणी मराठीचा एकेक नियम तुम्ही अगदी बरोबर पाळला आहे. तेव्हा शिक्क्याचा प्रश्न जरा बाजूला ठेवू आणि एकेक वाक्य घेऊ.

पहिलं वाक्य: ‘द बॉक्स व्हिच यू सेंट इट ऑन मंडे, इट वॉज डॅमेज्ड.’

तुमच्या मनात होतं: ‘जो खोका तुम्ही सोमवारी पाठवलात, तो खराब झाला होता.’ मराठीत ‘जो’ आला की ‘तो’ यावाच लागतो. ‘ज्याच्या हाती ससा तो पारधी’, ‘ज्याचं जळतं त्यालाच कळतं’ या म्हणींतून ‘तो’ आणि ‘त्याला’ काढून पाहा, वाक्य लंगडतं. हिंदीत हेच आहे, गुजरातीत हेच आहे, संस्कृतातही ‘यः’ नंतर ‘सः’ येतो. त्यामुळे ‘मंडे’पाशी थांबून ‘इट’ लिहिणं तुमच्या कानाला पूर्ण वाटतं. इंग्रजीत मात्र ही जोडी नाही. नाम मुख्य वाक्यात एकदाच येतं, विशेषणवाक्य, म्हणजे ‘कोणता खोका’ हे सांगणारा ‘व्हिच’चा तुकडा, त्या नामाच्या पाठीला चिकटतं आणि ते संपलं की मुख्य वाक्य मध्ये काही घडलंच नाही अशा थाटात पुढे चालू लागतं. ‘तो’ला तिथे जागाच नसते.

पहिला ‘इट’, म्हणजे ‘सेंट’ नंतरचा, ही निराळी चूक आहे. पाठवलेली वस्तू ‘सेंट’च्या मागे बसायला हवी होती, पण तीच ‘व्हिच’ होऊन पुढे गेली. तिची मूळ जागा रिकामी ठेवायची असते. तुम्ही त्या रिकाम्या जागेवर ‘इट’ बसवलात, म्हणजे एक वस्तू दोनदा लिहिली गेली.

यावर उपाय म्हणून नियम पाठ करण्यापेक्षा हाताने करायची एक कृती घ्या. आधी दोन सुटी वाक्यं लिहा. ‘द बॉक्स वॉज डॅमेज्ड.’ ‘यू सेंट द बॉक्स ऑन मंडे.’ ही दोन्ही तुम्हाला जमतात, तुमच्या पत्रावरून ते स्पष्ट दिसतं. आता दोन्हींत सामाईक काय? ‘द बॉक्स’. दुसऱ्या वाक्यातल्या ‘द बॉक्स’वर काट मारा. नुसतं पुसू नका, काट मारा, म्हणजे जागा रिकामी झालेली डोळ्यांना दिसेल. त्याच्याऐवजी ‘व्हिच’ लिहा आणि तो त्या वाक्याच्या अगदी सुरुवातीला न्या: ‘व्हिच यू सेंट ऑन मंडे’. हा पूर्ण तुकडा उचलून पहिल्या वाक्यातल्या ‘द बॉक्स’च्या लगेच मागे ठेवा. ‘द बॉक्स व्हिच यू सेंट ऑन मंडे वॉज डॅमेज्ड.’ वाक्य तयार झालं.

मग दोन तपासण्या. मधला तुकडा बोटाने झाका आणि उरलेलं वाचा: ‘द बॉक्स वॉज डॅमेज्ड.’ हे पूर्ण वाक्य वाटलं पाहिजे. तिथे ‘द बॉक्स इट वॉज डॅमेज्ड’ उरलं, तर ‘इट’ फालतू आहे. आता उलट करा, फक्त मधला तुकडा वाचा: ‘यू सेंट … ऑन मंडे’. इथे काहीतरी कमी आहे असं वाटलं पाहिजे. कमी वाटत नसेल, तर रिकाम्या जागेवर कोणीतरी बसलं आहे. बाहेरचं वाक्य भरलेलं आणि आतलं वाक्य एका जागी रिकामं, एवढंच पाहायचं.

याच रिकाम्या जागेवरून आणखी एक गोष्ट ठरते. ती क्रियापदाच्या मागे असेल, तर ‘व्हिच’ किंवा ‘दॅट’ गाळता येतो: ‘द बॉक्स यू सेंट ऑन मंडे वॉज डॅमेज्ड.’ रोजच्या मेलमध्ये हेच सर्वांत सहज वाटतं. पण रिकामी जागा क्रियापदाच्या पुढे, म्हणजे कर्त्याची असेल, तर गाळता येत नाही. ‘द मॅन चेक्स द पार्ट्स इज ऑन लीव्ह’ हे चूक. ‘द मॅन हू चेक्स द पार्ट्स इज ऑन लीव्ह’ असंच लिहावं लागतं. तुमचं तिसरं वाक्य नेमकं इथेच घसरलं आहे, म्हणून आता तेच घेऊ.

‘द प्रॉब्लेम हॅपन्ड लास्ट वीक इज सॉल्व्ह्ड.’

याचं मूळ ‘जो-तो’मध्ये नाही. अशा वेळी कोणताही मराठी माणूस ‘जो बिघाड गेल्या आठवड्यात झाला, तो दुरुस्त झाला’ असं म्हणत नाही. तो म्हणतो, ‘गेल्या आठवड्यात झालेला बिघाड दुरुस्त झाला.’ शाळेत विशेषणवाक्याचा धडा ‘जो-तो’वरून शिकवतात, पण बोलताना आपण ‘झालेला’, ‘येणारा’, ‘ठेवायचा’ ही धातुसाधितं वापरतो. मेल लिहिताना मनात तीच असतात. धडा एका रस्त्यावरचा आणि विचार दुसऱ्या रस्त्याने जाणारा, म्हणून धडा शिकूनही चूक होत राहते.

‘पाठवलेला खोका’ म्हणजे ‘द बॉक्स सेंट ऑन मंडे’. बरोबर. मग ‘झालेला बिघाड’ म्हणजे ‘द प्रॉब्लेम हॅपन्ड’ असायला काय हरकत आहे? मराठीत दोन्हीकडे ‘-लेला’ आहे. इंग्रजीत मात्र ‘सेंट’, ‘चेक्ड’, ‘रिटन’ अशी रूपं नामामागे एकटी उभी राहू शकतात ती फक्त ‘कोणीतरी केलेलं’ या अर्थाने. बिघाड कोणी ‘झाला’ नाही, तो आपोआप झाला. यासाठी एक सोपी कसोटी पुरते: ‘-लेला’ला ‘कोणी?’ असं विचारा. पाठवलेला; कोणी पाठवलेला? प्रश्नाला अर्थ आहे, तर ‘सेंट’ एकटा चालेल. झालेला; कोणी झालेला? प्रश्नच होत नाही, तर ‘दॅट’ किंवा ‘हू’ हवाच. आलेला माणूस, पडलेला पार्ट, संपलेला माल, निघालेली गाडी: कोणालाही ‘कोणी?’ विचारता येत नाही. म्हणून ‘द मॅन हू केम’, ‘द पार्ट दॅट फेल डाउन’, ‘द ट्रक दॅट लेफ्ट’. तुमचं वाक्य होईल: ‘द प्रॉब्लेम दॅट हॅपन्ड लास्ट वीक हॅज बीन सॉल्व्ह्ड.’ कसोटीच्या बाहेरची काही रूपं आहेत. ‘बसलेले लोक’ हे ‘द पीपल सिटिंग’ होतं आणि ‘राहिलेलं काम’ हे ‘द रिमेनिंग वर्क’. पण शंका आली की ‘दॅट’ आणि पूर्ण क्रियापद लिहा, ते सहसा चुकत नाही.

‘-णारा’ त्यामानाने सोपा आहे. ‘शुक्रवारी येणारा माल’ हे ‘द मटेरियल कमिंग ऑन फ्रायडे’ असंही चालतं आणि ‘द मटेरियल दॅट इज कमिंग ऑन फ्रायडे’ असंही. ‘तपासायचे पार्ट’ म्हणजे ‘द पार्ट्स टू बी चेक्ड’.

‘-यचा’मध्ये मात्र एक खाच आहे आणि तीच तुमच्या दुसऱ्या वाक्यात सापडते: ‘द मशीन व्हिच वी चेक्ड द पार्ट्स वॉज नॉट कॅलिब्रेटेड.’ मनात होतं ‘आम्ही पार्ट तपासले ते मशीन’. मराठीत इथे ‘वर’ म्हणायची गरज पडत नाही. ‘पार्ट ठेवायचा ट्रे’ म्हटलं की ‘ट्रेमध्ये ठेवायचे’ हे ऐकणाऱ्याला कळतं. ‘मी राहतो ती खोली’, ‘बसायची खुर्ची’, ‘लिहायचं पेन’: कुठेही ‘त’, ‘वर’, ‘ने’ नाही आणि कोणाचंही काही अडत नाही. इंग्रजीत अडतं. ‘द मशीन वी चेक्ड द पार्ट्स’ वाचणाऱ्याला मशीनचा पार्टशी संबंध काय, तेच कळत नाही. पेन ‘टू राइट विथ’, खुर्ची ‘टू सिट ऑन’, खोली ‘आय लिव्ह इन’. पुन्हा दोन वाक्यं करा: ‘द मशीन वॉज नॉट कॅलिब्रेटेड.’ ‘वी चेक्ड द पार्ट्स ऑन द मशीन.’ दुसऱ्यातल्या ‘द मशीन’वर काट मारली की ‘ऑन’ एकटा उरतो. त्याला टाकू नका. तो आहे तिथेच ठेवला तर ‘द मशीन वी चेक्ड द पार्ट्स ऑन वॉज नॉट कॅलिब्रेटेड’. पुढे नेला तर ‘द मशीन ऑन व्हिच वी चेक्ड द पार्ट्स वॉज नॉट कॅलिब्रेटेड’. अहवालात दुसरं वाचायला सोपं, कारण ‘ऑन वॉज’ असे दोन शब्द एकमेकांवर आदळत नाहीत. बोलताना पहिलं.

वाक्याच्या शेवटी प्रिपोझिशन, म्हणजे ‘ऑन’, ‘इन’, ‘विथ’ असा शब्द, येऊ नये असं तुमच्या सहकाऱ्याने सांगितल्याचं तुम्ही लिहिलं आहे. हा समज जुना आहे. जॉन ड्रायडन या इंग्रज कवीने 1672 मध्ये बेन जॉन्सनच्या लेखनातला असा शेवट चूक ठरवला आणि पुढे शाळांतून तो नियम म्हणून फिरत राहिला. इंग्रजी लिहिणाऱ्यांनी तो कधीच पुरता पाळला नाही. तुम्हीही त्याचं ओझं घेऊ नका. प्रिपोझिशन कुठे ठेवायचं हा पसंतीचा प्रश्न आहे. ते गाळलं तरच चूक होते. एवढं मात्र लक्षात असू द्या की प्रिपोझिशन पुढे नेलं, तर त्याच्यामागे ‘दॅट’ चालत नाही. ‘ऑन दॅट वी चेक्ड’ असं कधीच होत नाही. तिथे ‘ऑन व्हिच’ हवं आणि माणूस असेल तर ‘टू हूम’.

‘व्हेअर’चंही याच्याशी नातं आहे. ‘द प्लांट व्हेअर यू व्हिजिटेड’ हे तुमच्या पत्रातलं वाक्य चुकलं, कारण इंग्रजीत ‘व्हिजिट’ला प्रिपोझिशन लागत नाही: ‘यू व्हिजिटेड द प्लांट’. रिकामी जागा वस्तूची आहे, म्हणून ‘द प्लांट यू व्हिजिटेड’. पण ‘द प्लांट व्हेअर वी मेक गिअर्स’ बरोबर, कारण तिथे ‘इन द प्लांट’ होतं. ‘व्हेअर’च्या पोटात ‘इन’ किंवा ‘अ‍ॅट’ असतोच. तो दुसऱ्या वाक्यात नसेल, तर ‘व्हेअर’ही नको.

आता अशी गोष्ट, जी तुम्ही विचारली नाही, पण तुमच्या कामात सर्वांत महागात पडू शकते. स्वल्पविराम.

समजा, चाळीस व्हॉल्व्ह पाठवले होते, त्यातले सहा गळत होते आणि तुम्ही तेवढे सहा बदलून दिले. ‘द व्हॉल्व्ह्ज व्हिच वेअर लीकिंग वेअर रिप्लेस्ड’ असं लिहिलं, तर ग्राहकाला कळतं की गळणारे बदलले. ‘द व्हॉल्व्ह्ज, व्हिच वेअर लीकिंग, वेअर रिप्लेस्ड’ असं दोन स्वल्पविराम घालून लिहिलं, तर अर्थ होतो की व्हॉल्व्ह, म्हणजे चाळीसच्या चाळीस, गळत होते आणि सगळे बदलले. शब्द तेच, क्रम तोच. मराठीत हा फरक आपण वाक्याची ठेवणच बदलून दाखवतो, ‘गळणारे व्हॉल्व्ह बदलले’ किंवा ‘सगळेच व्हॉल्व्ह गळत होते, ते बदलले’. त्यामुळे एवढा मोठा अर्थ एका टिंबाशेपटीवर लटकला आहे हे आपल्या डोळ्यांना जाणवत नाही. इंग्रजी मातृभाषा असलेली माणसंही इथे सर्रास चुकतात, हे तुमच्या शिक्क्याच्या भीतीसाठी मुद्दाम सांगावंसं वाटतं.

कसोटी अशी: विशेषणवाक्य ‘कोणता?’ किंवा ‘कोणते?’ या प्रश्नाचं उत्तर देत असेल, तर स्वल्पविराम नको. कोणते व्हॉल्व्ह बदलले? गळणारे. वस्तू कोणती हे आधीच ठरलेलं असेल आणि तुम्ही जाता जाता अधिक माहिती देत असाल, तर स्वल्पविराम, तोही तुकड्याच्या दोन्ही टोकांना. एक घालून दुसरा विसरणं ही नेहमीची चूक. शहराचं, कंपनीचं, माणसाचं नाव आलं की बहुधा स्वल्पविराम लागतो, कारण ‘कोणतं पुणे?’ असा प्रश्न उरत नाही. ‘माय ब्रदर हू लिव्ह्ज इन नाशिक’ असं स्वल्पविरामाविना लिहिलं, तर आणखी भाऊ आहेत असं वाचणारा धरतो. आणि स्वल्पविरामाच्या वाक्यात ‘दॅट’ कधीच येत नाही, तिथे ‘व्हिच’ किंवा ‘हू’. ‘काहीही असो, दॅट लिहावं, ते कुठेही चालतं’ असा आडाखा तुम्ही बांधला आहे. तो स्वल्पविरामानंतर आणि प्रिपोझिशननंतर, या दोन ठिकाणी मोडतो.

संगणक तुमच्या अचूक ‘व्हिच’खालीही रेघ का ओढतो, त्याचं कारणही इथेच आहे. हेन्री फाउलर या इंग्रज कोशकाराने 1926 मध्ये सुचवलं होतं की ‘कोणता?’ सांगणाऱ्या वाक्यात ‘दॅट’ आणि जास्तीची माहिती देणाऱ्या वाक्यात ‘व्हिच’ वापरावं, म्हणजे घोटाळा होणार नाही. अमेरिकेतल्या संपादकांनी ही सूचना नियमासारखी उचलली. ब्रिटनमध्ये दोन्ही चालतात. तुमचा ग्राहक अमेरिकी असेल, तर ही वाटणी पाळलेली बरी. जर्मन किंवा जपानी असेल, तरी पाळा, कारण अर्थ पटकन कळतो. पण रेघ आली म्हणजे वाक्य चुकलंच, असं धरू नका.

म्हणूनच तपासणीच्या सॉफ्टवेअरवर पूर्ण विसंबू नये असं मला वाटतं. ते दुहेरी ‘इट’ बहुतेक वेळा पकडतं, सुटलेलं प्रिपोझिशन कधीकधी पकडतं. व्हॉल्व्ह सहा गळत होते की चाळीस, हे त्याला कळायला मार्ग नाही. ते तुमच्या वाक्यात दोन स्वल्पविराम घालून देईल, व्याकरण निर्दोष होईल आणि अहवाल खोटा होईल. ते वापरा, पण त्याने स्वल्पविराम बदलला की दरवेळी थांबून ‘कोणते?’ विचारा.

सहकाऱ्याने तुमच्या मेलमध्ये जागोजागी ‘हूम’ घातलेला दिसतो, त्यातला एक तरी साफ चूक आहे: ‘द इन्स्पेक्टर हूम चेक्ड द लॉट’. ‘हूम’ हा ‘हू’चा सभ्य अवतार नव्हे. रिकाम्या जागेवर ‘ही’ बसत असेल तर ‘हू’, ‘हिम’ बसत असेल तर ‘हूम’. ‘ही चेक्ड द लॉट’, म्हणून ‘हू’. ‘वी इन्फॉर्म्ड हिम’, म्हणून ‘हूम’. पण तिथेही ‘द इंजिनिअर वी इन्फॉर्म्ड’ असं दोन्ही गाळून लिहिलं तर अधिक चांगलं. ‘हूम’ अटळ आहे तो फक्त प्रिपोझिशनच्या लगेच मागे.

इथे मराठी प्रत्ययांवर मात्र भरवसा ठेवू नका. ‘ज्याला’ म्हणजे ‘हूम’, असं समीकरण मांडण्याचा मोह होतो. ‘ज्याला आम्ही कळवलं’ इथपर्यंत ते जमतं. ‘ज्याला जर्मन येतं’ हे मात्र ‘हू नोज जर्मन’, ‘ज्याला ताप आहे’ हे ‘हू हॅज फिव्हर’ आणि ‘ज्याच्याकडे चावी आहे’ हे ‘हू हॅज द की’. जर्मन येणारा, ताप असलेला आणि चावी बाळगणारा हे तिघेही इंग्रजीत कर्ते आहेत. म्हणून आधी इंग्रजी क्रियापद ठरवा, मग सर्वनाम निवडा.

‘ज्याचा’ हा ‘हूज’, आणि तो वस्तूंनाही लागतो, हे अनेकांना शिकवलेलंच नसतं. ‘द पार्ट हूज सरफेस इज रफ’ शुद्ध आहे. ‘हूज’ फक्त माणसांसाठी, हा गैरसमज सोडून द्या. स्पेलिंगमध्ये मात्र काळजी घ्या: मध्ये वरचा स्वल्पविराम असलेला ‘हूज’ म्हणजे ‘हू इज’, तो इथला नव्हे.

‘व्हॉट’ नामाच्या मागे कधी येत नाही. ‘द रिपोर्ट व्हॉट वी सेंट’ आणि ‘ऑल व्हॉट वी नो’ दोन्ही चूक. ‘द रिपोर्ट दॅट वी सेंट’, ‘ऑल दॅट वी नो’. ‘व्हॉट’मध्ये ‘जे’ आणि ‘ते’ दोन्ही मावलेले असतात, म्हणून तो नामाशिवाय एकटा येतो: ‘व्हॉट यू सेंट इज करेक्ट’, तुम्ही पाठवलं ते बरोबर आहे. आणि आख्ख्या वाक्याबद्दल बोलायचं असेल, तर स्वल्पविराम देऊन ‘व्हिच’: ‘द मशीन स्टॉप्ड, व्हिच डिलेड द डिस्पॅच.’ मशीन बंद पडलं, त्यामुळे माल जायला उशीर झाला. अहवालात हा प्रकार फार कामाचा आहे.

जागेबद्दल थोडं. ‘वी सेंट द रिपोर्ट टू द कस्टमर व्हिच कंटेन्स द रीडिंग्ज’ या वाक्यात रीडिंग्ज ग्राहकाच्या पोटात गेली आहेत. मराठीत ‘जो’ आणि ‘तो’ लिंग-वचन दाखवतात, त्यामुळे ते लांब असले तरी एकमेकांना शोधून काढतात. इंग्रजी ‘व्हिच’ला लिंग नाही, वचन नाही, तो ज्याच्या पाठीला लागेल त्याचा. म्हणून नाम हलवा: ‘वी सेंट द कस्टमर द रिपोर्ट, व्हिच कंटेन्स द रीडिंग्ज.’ क्रियापदाचं वचनही त्या नामावरूनच ठरतं. ‘द पार्ट्स व्हिच वॉज रिजेक्टेड’ नव्हे, ‘वेअर’. ‘व्हिच’कडे पाहून ठरवू नका, त्याच्या आधीच्या शब्दाकडे पाहा.

आता तुमच्या प्रश्नाकडे. ही वाक्यं टाळावीत का? छोटी वाक्यं लिहिणं ही कमतरता आहे, असं तुम्ही गृहीत धरलं आहे. गुणवत्ता अहवालात ते बलस्थान आहे. ग्राहकाला मोजमापं, तारखा आणि कारणं हवी असतात. सहकाऱ्याच्या दुरुस्तीत तुमच्या तीन वाक्यांचं एक झालं, त्यात तुमचंच मूळ लेखन अधिक स्पष्ट होतं. पण पूर्ण टाळणं परवडणार नाही, कारण ‘कोणता खोका, कोणतं मशीन, कोणते व्हॉल्व्ह’ हे सांगितल्याशिवाय तुमचा अहवाल पुढे सरकणारच नाही. तेव्हा ‘कोणता?’ सांगायचा असेल तिथेच विशेषणवाक्य लिहा आणि एका वाक्यात एकच. जास्तीची माहिती असेल, तर तिचं सरळ वेगळं वाक्य करा. एवढ्याने स्वल्पविरामाचा निम्मा धोकाही संपतो, कारण स्वल्पविरामाचं विशेषणवाक्य तुम्ही क्वचितच लिहाल.

साहेबांचा ‘इंग्रजीत विचार करा’ हा सल्ला सद्भावनेचा असेल, पण सोमवारी सकाळी कामावर जाऊन तो अंमलात कसा आणायचा? विचार मराठीतच येऊ द्या. फक्त तो कागदावर उतरवताना मनात ‘जो-तो’ आहे, ‘-लेला’ आहे, की ‘-यचा’ आहे, एवढं ओळखा. ‘जो-तो’ असेल तर ‘तो’ काढा. ‘-लेला’ असेल तर ‘कोणी?’ विचारा. ‘-यचा’ किंवा ‘ते मशीन, ती खोली’ अशी ठेवण असेल, तर सुटलेलं प्रिपोझिशन शोधा. मराठी ऐकणारा कान इथे तुमच्या मदतीलाच येतो.

क्लासचं म्हणाल, तर पैसे भरण्याआधी एकच प्रश्न विचारा: ‘मी कामावर लिहिलेले मेल आणून दिले, तर ते वाचून चुकांची कारणं सांगाल का?’ उत्तर हो असेल, तर विचार करायला हरकत नाही. सगळ्यांना एकच छापील सराव देणार असतील, तर तुमच्या ‘-लेला’ आणि ‘-यचा’च्या चुका त्या सरावात येणारच नाहीत, कारण तो ‘जो-तो’च्या वाक्यांवर बेतलेला असतो. शिवाय गाळलेल्या जागा भरताना ‘हू की व्हिच’ एवढंच निवडायचं असतं. रिकामी जागा, सुटलेलं प्रिपोझिशन आणि स्वल्पविराम हे सगळं छापणाऱ्याने आधीच सांभाळलेलं असतं. ही गोष्ट शिक्षक वाचकांनाही सांगावीशी वाटते: मुलांना ‘काल आलेले पाहुणे’, ‘आम्ही खेळतो ते मैदान’, ‘पाणी प्यायचा पेला’ अशी वाक्यं द्या आणि पूर्ण इंग्रजी वाक्य त्यांना कोऱ्या कागदावर लिहू द्या.

क्लास लावायच्या आधी सहा आठवडे असं करून बघा. तुमच्याच पाठवलेल्या मेलमधून ‘व्हिच’, ‘हू’, ‘दॅट’ असलेली वीस वाक्यं वहीत उतरवा. सहकाऱ्याने दुरुस्त केलेली नकोत, तुमची मूळ हवीत. पहिले दोन आठवडे रोज दोन वाक्यं दोन-दोन तुकड्यांत तोडा, काट मारा आणि परत जोडा. बोटाने झाकून वाचायची तपासणी मोठ्याने करा, मनातल्या मनात नको. जास्तीचा ‘इट’ कानाला आधी सापडतो. तिसऱ्या आणि चौथ्या आठवड्यात उलटी दिशा घ्या: दिवसभर कारखान्यात कानावर पडणाऱ्या ‘-लेला’, ‘-णारा’, ‘-यचा’च्या बोलण्यातले चार तुकडे टिपा, ‘काल परत आलेला लॉट’, ‘रंग सुकवायचं रॅक’, ‘रात्रपाळीला बंद पडलेली लाइन’, आणि त्यांचं इंग्रजी करा. पूर्ण वाक्य नको, नाम आणि त्याचं विशेषणवाक्य एवढंच. ‘द लॉट दॅट केम बॅक येस्टरडे’ हे बरोबर. ‘द रॅक वी ड्राय द पेंट ऑन’ असं मात्र लिहू नका. रंग नव्हे, रंगवलेले पार्ट सुकवता ना? मग ‘द रॅक वी ड्राय द पेंटेड पार्ट्स ऑन’. असे तपशील लिहिताना कामाचं ज्ञानच उपयोगी पडतं आणि ते तुमच्याकडे सहकाऱ्यापेक्षा जास्त आहे.

शेवटचे दोन आठवडे फक्त स्वल्पविराम. पाठवण्याआधी प्रत्येक अहवालातल्या प्रत्येक ‘व्हिच’पाशी ‘कोणता?’ विचारा आणि जिथे आकडा गुंतला आहे तिथे आकडाच लिहून टाका: ‘सिक्स ऑफ द फॉर्टी व्हॉल्व्ह्ज वेअर लीकिंग. वी रिप्लेस्ड दीज सिक्स.’ इथे विशेषणवाक्य नाही, स्वल्पविरामही नाही, आणि ग्राहकाला शंका घ्यायला जागाही नाही.

सहकाऱ्याची मदत सोडू नका, फक्त मागण्याची पद्धत बदला. ‘हे नीट करून दे’ म्हणण्याऐवजी ‘या वाक्यात मला कोणता खोका म्हणायचंय ते तुला काय समजलं, मराठीत सांग’ असं विचारा. त्याने सांगितलेला खोका तुमच्या मनातला असेल, तर मेल पाठवून द्या.